सेवा आणि निवृत्ती : बेथेलच्या स्वयंसेवकांची गोष्ट

नोकरी संपण्याला मराठीत आपण 'सेवानिवृत्ती' म्हणतो. हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातली विसंगती आता आपल्याला टोचत नाही. पगार घेऊन, रजा मोजून, वेतनश्रेणीसाठी भांडून केलेल्या कामाला आपण 'सेवा' म्हणतो. त्याची नोंद 'सेवापुस्तिके'त होते, त्यातला थोरलेपणा 'सेवाज्येष्ठता' ठरवते आणि ते संपले की 'निवृत्तिवेतन' सुरू होते. याउलट परंपरेने ज्याला सेवा म्हटले, म्हणजे देवाच्या, गुरूच्या किंवा पंथाच्या नावाने मोबदल्याची अपेक्षा न धरता केलेले काम, त्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. तिथे पुस्तिका नाही, ज्येष्ठता नाही आणि निवृत्तीही नाही.

सेवेकरी तरुण असतो, संस्था वाढत असते, तोवर ही विसंगती कुणाला जाणवत नाही. संस्थेला सेवेकऱ्याची गरज उरली नाही की ती अचानक उघडी पडते. पंचवीस-तीस वर्षे एका छताखाली राहिलेल्या, जेवलेल्या आणि राबलेल्या माणसाला 'आता तुम्ही बाहेर जाऊन सेवा करा' असे सांगितले जाते. तो कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याला कामावरून काढले असे म्हणता येत नाही. त्याला पगार नव्हता, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न येत नाही. जे दिले ते त्याने स्वखुशीने दिले होते, त्यामुळे परत मागण्याचा हक्कही त्याला नसतो. अमेरिकेत उगम पावलेल्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या मुख्यालयाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एका पंथाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आधुनिक धर्मसंस्थांनी मठाकडून काय घेतले आणि काय मागे ठेवले, हे त्या उदाहरणावरून स्वच्छ दिसते, म्हणून ते निवडले आहे.

१. जुना करार

सर्वस्व देऊन संस्थेत राहण्याची कल्पना नवी नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीत मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिच्यावर पुढे पाश्चात्त्य मठजीवनाचा मोठा भाग उभा राहिला. तिचे अठ्ठावन्नावे प्रकरण नव्या माणसाला मठात कसे घ्यावे याविषयी आहे. येणाऱ्याने आपली मालमत्ता गरिबांना वाटावी किंवा रीतसर मठाला द्यावी, स्वतःकडे काहीही ठेवू नये. मग त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून मठाचे कपडे घालायचे. पुढची बारीक तरतूद महत्त्वाची आहे. उतरवलेले जुने कपडे फेकून द्यायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे. उद्या सैतानाच्या सांगण्याला भुलून तो मठ सोडू लागला, तर मठाचे कपडे काढून घेऊन त्याला त्याचेच कपडे परत द्यायचे आणि बाहेर घालवायचे.

सोडून जाणाऱ्याच्या हाती त्याच्या जुन्या वस्त्रांखेरीज काहीच पडत नाही, म्हणून ही तरतूद कठोर वाटेल. परंतु तीच नियमावली एकोणतिसाव्या प्रकरणात गेलेल्याला तीन वेळांपर्यंत परत घेण्याची सोय करते, छत्तिसाव्यात आजाऱ्यांची शुश्रूषा सर्व कर्तव्यांच्या वर ठेवते आणि सदतिसाव्यात म्हाताऱ्यांना खाण्यापिण्याच्या नियमांत सवलत देते. शिवाय मठात येणाऱ्याने तिथेच स्थिर राहण्याचे व्रत घेतलेले असते. हे व्रत दोन्ही बाजूंना बांधते. साधूने मठ सोडायचा नाही, तसाच मठाने साधूला म्हातारपणी रस्त्यावर आणायचे नाही. दारिद्र्याच्या व्रताची किंमत म्हणून संस्थेने मरेपर्यंतची भाकरी आणि शेवटी मठाच्या आवारातली कबर कबूल केलेली असते. हा करार कागदावर वेतनाच्या भाषेत लिहिलेला नव्हता, पण तो करारच होता.

रोमन कॅथलिक धर्मकायद्यातही हा विचार आढळतो. १९१७ च्या संहितेनुसार धर्मसंघ सोडणाऱ्याला वा काढून टाकलेल्याला केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नसे. परंतु जोगिणीने प्रवेशाच्या वेळी जो हुंडा संघाकडे ठेवलेला असे, तो बाहेर पडताना तिला परत द्यावा लागे, आणि जी हुंड्याविना आली असेल तिला घरी पोचून काही काळ निभावता येईल इतकी मदत करावी लागे. १९८३ च्या नव्या संहितेतील ७०२ क्रमांकाच्या कलमानेही कामाच्या मोबदल्यावरचा हक्क नाकारला, मात्र बाहेर पडणाऱ्याशी संघाने न्यायबुद्धीने आणि ख्रिस्ती प्रेमभावाने वागावे असे बजावले. हुंडा ही मोजता येणारी गोष्ट होती, प्रेमभावाचे तसे नाही. २०२० च्या फेब्रुवारीत 'लोस्सर्व्हातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या दैनिकाच्या स्त्रीविषयक मासिक पुरवणीत कार्डिनल ब्राझ दे आव्हीझ यांची मुलाखत आली. पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये संघातून बाहेर पडलेल्या किंवा काढलेल्या, विशेषतः परदेशी, जोगिणींसाठी एक घर उघडले असल्याचे त्यांनी तिथे सांगितले. असे घर उघडावे लागले, यावरूनच प्रेमभावावर सोडलेली तरतूद किती पुरी पडली ते कळते.

आपल्याकडची जुनी व्यवस्था वेगळी होती, पण तिनेही सेवेला आधार दिला होता. मराठा काळात देवळातला गुरव, पुजारी, वाजंत्री यांच्या सेवेमागे इनाम जमीन असे, वतन असे, बलुत्याचा वाटा असे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी 'बालपरवेशी' नावाची तरतूद असे. या व्यवस्थेला जातीची चौकट होती, तिच्यात अन्याय होता, आणि तो विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एवढेच लक्षात घ्यावे की सेवा आहे तर सेवेकऱ्याच्या पोटाचीही व्यवस्था आहे, हे तिथे गृहीत धरलेले होते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट जर्मनीने हा करार नव्या रूपात मांडला. १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर यांनी कैझर्सवेर्थ येथे सेविकांचे 'मातृगृह' काढले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५० आणि १८५१ मध्ये जिथे जाऊन राहिल्या ते हेच. तिथल्या सेविकेला पगार नव्हता. कपडा, जेवण आणि थोडा हातखर्च मिळे, आणि आजारपणात व म्हातारपणी मातृगृह तिला सांभाळी. अशा मातृगृहांतून थकलेल्या सेविकांसाठी स्वतंत्र वास्तू उभ्या राहिल्या. त्यांचे जर्मन नाव दिवसभराचे काम संपल्यानंतरच्या विसाव्यावरून पडले आहे. तेव्हा बिनपगारी सेवा आणि म्हातारपणची हमी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे नाही. त्या शतकानुशतके एकत्र नांदल्या आहेत.

२. ब्रुकलिनचे 'देवाचे घर'

यहोवाच्या साक्षीदारांचा उगम चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल-अभ्यासमंडळात आहे. 'टेहळणी बुरूज' या नावाने मराठीतही निघणारे त्यांचे मासिक १८७९ चे, आणि त्याच्या प्रकाशनसंस्थेची पेन्सिल्व्हेनियात रीतसर नोंदणी झाली ती १८८४ मध्ये. १९०९ मध्ये मुख्यालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. कोलंबिया हाइट्स या रस्त्यावरचे जे घर तेव्हा घेतले, ते पूर्वी हेन्री वॉर्ड बीचर या प्रसिद्ध धर्मोपदेशकाचे होते. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांचे हे बंधू. या घराला 'बेथेल' हे नाव मिळाले. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचे घर. पुढे जगभरच्या शाखा-कार्यालयांनाही बेथेलच म्हणू लागले. भारतातली शाखा आधी मुंबईत होती, मग काही दशके लोणावळ्यात होती आणि या शतकाच्या आरंभी ती बंगळुरूला गेली. त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी दूरची नाही.

बेथेलमध्ये राहणाऱ्यांना 'बेथेल कुटुंब' म्हणतात. हे कुटुंब राबणारे होते. नियतकालिके आणि पुस्तके छापणे, बांधणे, पेट्यांत भरून रवाना करणे, हजारोंचा स्वयंपाक, धुलाई, सुतारकाम, नळकाम, इमारतींची बांधणी, शेती, सगळे काम स्वयंसेवकांनी केले. दिवस सकाळच्या सामुदायिक वचन-चिंतनाने सुरू होई आणि न्याहारी एकत्र होई. राहायला खोली, जेवण आणि महिन्याला अल्प हातखर्च एवढाच मोबदला. १९५० च्या दशकात हा हातखर्च महिना १४ डॉलर होता. बार्बरा ग्रिझुटी हॅरिसन या लेखिका तरुणपणी त्या दशकात ब्रुकलिनच्या बेथेलमध्ये होत्या. 'व्हिजन्स ऑफ ग्लोरी' (१९७८) या त्यांच्या पुस्तकात इतिहास आणि आठवणी एकमेकींत गुंफलेल्या आहेत, आणि धार्मिक जीवनातल्या श्रमाकडे साहित्यिक नजरेने कसे पाहावे याचा तो एक चांगला नमुना आहे.

इथे येणाऱ्याला दारिद्र्याचे आणि आज्ञापालनाचे व्रत घ्यावे लागते. पूर्णवेळ सेवकांचा एक 'संघ' कागदोपत्री आहे आणि सेवक त्याचा सदस्य असतो. १९५० च्या दशकापर्यंत लग्न करायचे तर सामान्यतः बेथेल सोडावे लागे. पुढे विवाहितांना राहता येऊ लागले, परंतु मूल झाले की बाहेर पडावे लागे. म्हणून जी जोडपी तिथे वर्षानुवर्षे राहिली ती बहुधा निपुत्रिक राहिली. याचा परिणाम तरुणपणी दिसत नाही. जिथे सरकारी आधार तोकडा असतो तिथे म्हातारपणी माणूस मुलांकडे पाहतो. बेथेलच्या सेवकाने पगार सोडला, घर सोडले आणि मूलही सोडले. म्हातारपणाचे नेहमीचे तिन्ही आधार त्याने एका व्रतात संस्थेच्या स्वाधीन केले.

अमेरिकेच्या कायद्याचाही यात भाग आहे. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या व्यक्तीने संघासाठी केलेले काम तिथल्या 'सोशल सिक्युरिटी' या वार्धक्यविम्याच्या बाहेर राही. १९७२ च्या दुरुस्तीने असे संघ त्या योजनेत येऊ शकले, पण यायचे की नाही ही निवड संघाची होती, व्रतस्थाची नव्हती. अनेक कॅथलिक संघ त्यानंतर योजनेत आले, आणि तरीही म्हाताऱ्या जोगिणींच्या पालनपोषणासाठी पैसा कमी पडू लागला. तेव्हा १९८८ पासून अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी डिसेंबरात त्यासाठी खास वर्गणी गोळा होऊ लागली. त्या संघांकडे पैसा नव्हता, पण जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. आपल्या म्हाताऱ्या आपण सांभाळायच्या, हे तिथे वादाच्या पलीकडचे होते.

३. जिथे म्हातारपण येणारच नव्हते

बेथेलने म्हातारपणाची तरतूद पुरेशी का केली नसावी? लोभ हे सोपे उत्तर झाले, पण ते अपुरे आहे. खरे उत्तर या पंथाच्या काळविषयक कल्पनेत शोधावे लागते. सध्याची जगव्यवस्था लवकरच संपणार आणि पृथ्वीवर देवाचे राज्य येणार, हा या पंथाच्या शिकवणीचा गाभा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही अपेक्षा १९७५ या वर्षाभोवती गोळा झाली, कारण पंथाच्या कालगणनेनुसार मानवाच्या निर्मितीला तेव्हा सहा हजार वर्षे पूर्ण होत होती. 'सावध राहा!' या त्यांच्या नियतकालिकाच्या २२ मे १९६९ च्या इंग्रजी अंकात तरुणांना स्पष्टच सांगितले होते की या व्यवस्थेत तुम्ही कधी म्हातारे होणार नाही, त्यामुळे इथल्या उच्च शिक्षणाच्या आणि कारकिर्दीच्या मागे लागू नका. १९७४ च्या मे महिन्यात, उरलेला काळ पूर्णवेळ प्रचारात घालवण्यासाठी घरदार विकणाऱ्यांचे पंथाच्या अंतर्गत पत्रकात कौतुक झाले.

ज्याला म्हातारपण येणार नाही त्याने निवृत्तिवेतनाचा विचार कशाला करायचा? तो करणे हीच श्रद्धेतली उणीव ठरते. इथे विश्वास आणि हिशेब एकमेकांत मिसळले. संस्थेने जाणूनबुजून फसवले असे म्हणण्याची गरज नाही. सांगणाऱ्यांचाही त्यावर विश्वास होता आणि पहिल्या पिढीतल्या कित्येकांनी बेथेलमध्येच शांतपणे देह ठेवला. परंतु १९७५ आले आणि गेले. १९६९ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण २०१५ मध्ये सहासष्ट वर्षांचा होता. भविष्यवाणी चुकली तर तिची किंमत कुणी भरायची हा प्रश्न धर्मशास्त्राचा वाटतो, पण त्याचे उत्तर शेवटी कुणाच्या तरी घरभाड्यात द्यावे लागते.

४. दोन प्रसंग

पहिला प्रसंग १९८० चा. रेमंड फ्रान्झ हे पंथाच्या सर्वोच्च नियमन मंडळाचे सदस्य आणि तत्कालीन अध्यक्ष फ्रेडरिक फ्रान्झ यांचे पुतणे. १९४० पासून ते पूर्णवेळ सेवेत होते, त्यांतली बरीच वर्षे प्वेर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मिशनरी म्हणून गेली होती. शिकवणीविषयीच्या मतभेदांतून चौकशी झाली आणि मे १९८० मध्ये त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. पतिपत्नींना मूलबाळ नव्हते. चाळीस वर्षांनंतर बाहेरच्या जगात बस्तान बसवण्यासाठी त्यांना १० हजार डॉलर मिळाले. अलाबामात एका मित्राच्या जागेवर त्यांनी अंगमेहनतीच्या कामाने नवी सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, संघटनेतून बाहेर पडलेल्या त्याच मित्राबरोबर जेवल्याच्या कारणावरून त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्याच १९८० मध्ये एडवर्ड डनलॅप यांनाही बाहेर काढले गेले. मिशनरी घडवणाऱ्या गिलियड प्रशालेचे ते दीर्घकाळ निबंधक होते. ६९ व्या वर्षी ते ओक्लाहोमाला परतले आणि चरितार्थासाठी घरांच्या भिंतींना कागद चिकटवण्याचे जुने काम पुन्हा करू लागले. ही हकिगत फ्रान्झ यांच्या 'क्रायसिस ऑफ कॉन्शन्स' (१९८३) या पुस्तकात आहे.

हे दोघे मतभेदांमुळे गेले, म्हणून त्यांचा अपवाद कुणी बाजूला ठेवील. दुसऱ्या प्रसंगात तशी सोय नाही. २०१४ मध्ये प्रांतीय पर्यवेक्षकांची श्रेणी बंद झाली आणि मंडळ्यांना भेटी देत फिरणाऱ्या विभागीय पर्यवेक्षकांना सत्तर वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये जगभरच्या बेथेल कुटुंबांत मोठी कपात जाहीर झाली. त्या वेळी जगातल्या शाखांमध्ये सुमारे २६ हजार सेवक होते. त्यांतले जवळजवळ एक चतुर्थांश पुढच्या काळात बाहेर पाठवले गेले. 'विशेष पायनियर' म्हणजे अल्प भत्त्यावर पूर्णवेळ प्रचार करणाऱ्यांची संख्याही घटवली गेली. खर्च आटोक्यात आणणे, कामे सोपी करणे आणि माणसे प्रत्यक्ष प्रचारात आणणे ही त्यामागची भूमिका. छपाई काही मोजक्या केंद्रांत एकवटली होती, संगणकामुळे आणि महाजालावरच्या प्रकाशनामुळे कागदाचे काम कमी झाले होते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे.

या सेवकांचा काही दोष नव्हता. ते श्रद्धावान होते, आणि त्यांतले अनेकजण पुढेही तसेच राहिले. त्यांना मिळालेल्या सूचनेत बरखास्तीची भाषा नव्हती. त्यांना 'नवी नेमणूक' मिळाली होती, ती म्हणजे घराघरांत प्रचार करण्याची. काहींना विशेष पायनियर म्हणून भत्ता मिळाला. पण जो विशीत आला आणि पन्नाशीत बाहेर पडला, त्याच्या हाती नोकरीचा दाखला नव्हता, घर नव्हते आणि साठवलेला पैसाही नव्हता. उच्च शिक्षण तर त्याने संस्थेच्याच सल्ल्याने टाळले होते. खिडक्या पुसणे, कार्यालये झाडणे असली कामे अशा सेवकांच्या वाट्याला आली. त्यांच्या अडचणींत स्थानिक मंडळीतल्या बांधवांनी मदत केली, हेही सांगितले पाहिजे. परंतु ही मदत शेजारधर्माची होती. जिच्यासाठी आयुष्य दिले त्या संस्थेचे देणे ते नव्हे.

याच सुमारास ब्रुकलिनच्या इमारती विकल्या जात होत्या. कोलंबिया हाइट्सवरची मुख्यालयाची वास्तू २०१६ मध्ये ३४ कोटी डॉलरना गेली आणि जवळच्या जे स्ट्रीटवरची एक जागा त्याच वर्षी ३४ कोटी ५० लाखांना. मुख्यालय न्यूयॉर्क राज्यातल्या वॉरविक येथे नव्याने बांधलेल्या आवारात गेले. विकलेल्या इमारतींपैकी कित्येकींची बांधणी, डागडुजी आणि रंगकाम स्वयंसेवकांच्या हातचे होते. पैसा आला म्हणून संस्था दोषी ठरत नाही. मात्र दारिद्र्याचे व्रत कुणी घेतले होते आणि त्याचे फळ कुठे साठले, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मठाच्या नियमावलीशी याची तुलना करून पाहावी. बेथेलने मठाकडून दारिद्र्य घेतले, आज्ञापालन घेतले, सामुदायिक भोजन घेतले. मठाला बांधणारे स्थिर राहण्याचे व्रत मात्र मागेच राहिले. आधुनिक कारखान्याकडून त्याने कार्यक्षमता घेतली, पुनर्रचना घेतली, कपात घेतली. त्या कारखान्याला कामगार चळवळीने करायला लावलेली नुकसानभरपाई आणि निवृत्तिवेतन ही जोखडे घेतली नाहीत. दोन्ही व्यवस्थांतून माणसाचा वापर करणारे भाग उचलले गेले, त्याला सांभाळणारे भाग राहून गेले. हे फक्त एका पंथाने केलेले नाही. विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या अनेक आश्रमांची, मिशनांची आणि आध्यात्मिक केंद्रांची घडण अशीच आहे.

५. स्वखुशी आणि कायदा

'मी स्वखुशीने करतो आहे' असे सेवेकरीच म्हणत असेल तर कायद्याने मध्ये पडावे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९८५ मध्ये आला. टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशन ही धार्मिक संस्था पेट्रोलपंप, कपड्यांची दुकाने, वराहपालन, बांधकाम असे व्यवसाय चालवी. राबणारे बहुतेक पूर्वीचे व्यसनी, निराधार आणि गुन्हेगार होते. त्यांना अन्न, वस्त्र, निवारा मिळे, पगार नाही. आम्हाला पगार नकोच, असे त्यांनीच साक्षीत सांगितले. न्यायालयाने एकमताने निकाल दिला की मोबदल्याच्या अपेक्षेने दीर्घकाळ अन्न-निवाऱ्यावर विसंबून राहणारे हे लोक कायद्याच्या अर्थाने कर्मचारीच आहेत, आणि किमान वेतनाचे संरक्षण कुणाला स्वतःच्या इच्छेनेही सोडून देता येत नाही. सोडता आले, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याकडूनच ते आधी सोडवून घेतले जाईल. मात्र हा निकाल संस्थेच्या व्यापारी उद्योगांपुरता होता. छपाई आणि प्रचार करणाऱ्या व्रतस्थाला त्याचा आधार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती खूप वाढवली. धर्मादाय संस्थाही तिच्यात आल्या. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक खिडकी उघडी ठेवली. एखाद्या पुण्यशील कार्यात विनामूल्य वा नाममात्र मानधनावर ध्येयासाठी काम करणारे लोक, उदाहरणार्थ गुरुस्थानी असलेल्या व्यक्तीच्या आज्ञेने राबणारे आश्रमवासी, जिथे असतील ती संस्था उद्योग नव्हे. अय्यर यांच्या मनात छोटा आश्रम असावा. ती खिडकी मोठ्या साम्राज्यांनाही पुरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेला वाहिलेल्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळल्या आहेत.

व्रताने माणूस कायद्याच्या दृष्टीने जणू मृत होतो, ही कल्पनाही आपल्या ओळखीची आहे. संन्यास घेणाऱ्याचा पूर्वाश्रमीच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो, असे हिंदू धर्मशास्त्र मानते. कॅथलिक जोगिणींच्या बाबतीतही असाच युक्तिवाद झाला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या जोगिणींचा पगार संघाकडे जातो, त्या स्वतः 'नागरी मृत्यू' पावलेल्या आहेत, तेव्हा त्यावर उगमापाशी करकपात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो फेटाळला आणि कर कापला जाईल असे सांगितले. प्राप्तिकर भरण्यापुरती जोगीण जिवंत ठरली. आता म्हातारपणी संघाकडून पोटगी मागण्यापुरतीही ती जिवंत आहे का, हा प्रश्न कुणीतरी न्यायालयात न्यावा.

जर्मनीने हा प्रश्न बराचसा सोडवला आहे. तिथल्या निवृत्तिविमा कायद्यानुसार धर्मसंघांच्या सदस्यांसाठी संघाने स्वतः वार्धक्याची हमी दिली असेल तर विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. परंतु तो सदस्य हमीला मुकून संघाबाहेर पडला, तर त्याच्या सेवेच्या सर्व वर्षांची वर्गणी संघाने मागाहून भरायची. अशाने संघाचे दार बंद होत नाही, व्रताला धक्का लागत नाही, आणि माणूस बाहेर पडला तरी त्याची वर्षे त्याच्याबरोबर बाहेर पडतात. बेनेडिक्टच्या कोठीत जपून ठेवलेल्या कपड्यांचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

त्याच देशात २५ एप्रिल २०२३ रोजी संघराज्याच्या श्रम न्यायालयाने दिलेला एक निकाल मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा. स्वामी शिवानंदांच्या परंपरेतल्या 'योगविद्या' या संस्थेच्या आश्रमात एक महिला वर्षानुवर्षे राहून 'सेवा' करत होती. जर्मन कागदपत्रांत हा शब्द असाच आहे, आणि सेवा करणाऱ्याला 'सेवक'च म्हटले आहे. निवास, भोजन आणि महिन्याला काहीशे युरोंचा हातखर्च मिळे. संस्था तिचा सामाजिक विमा भरत होती, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु सूचना पाळून, ठरल्या वेळी, दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली केलेले हे काम नोकरीच आहे आणि त्याला किमान वेतन लागू होते, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या शब्दाचा अर्थ जर्मन न्यायाधीशांना असा तपासावा लागला.

६. लिहून ठेवलेला त्याग

शेवटी त्यागाचे एक घरचे उदाहरण. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. ती धर्मसंस्था नव्हती, पण तिच्या आजीव सदस्यांची वृत्ती व्रतस्थाचीच होती. सरकारी नोकरीत कितीतरी अधिक मिळू शकले असते अशा पदवीधरांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतली. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये तिथून निवृत्त झाले ते महिना ३० रुपये निवृत्तिवेतनावर. रक्कम मोठी नव्हती, पण ती कुणाच्या मर्जीवर नव्हती. सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही यावरून तिथे मोठा वाद झाला आणि टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला, हेही त्या लिखित नियमांचेच फळ. नियम होते म्हणून भांडता आले. त्यागाचा हिशेब लिहून ठेवल्याने त्याग हलका झाला, असे फर्ग्युसनच्या त्या पिढीबद्दल कुणी म्हटलेले नाही.

धर्मसंस्थांना हाच आक्षेप नेहमी घ्यावासा वाटतो. सेवेला आकडा लावला की तिचे पावित्र्य जाते, असे म्हणतात. बेथेलच्या इतिहासावरून उलटेच दिसते. तिथे आकडा होताच. खोल्यांचा होता, छापलेल्या प्रतींचा होता, इमारतींच्या किमतीचा होता आणि कपातीच्या टक्केवारीचाही होता. सेवकाची वर्षे मात्र कुठे मोजून ठेवली गेली नाहीत. ती वर्षे एखाद्या वहीत उतरवावीत आणि तो पन्नाशीत दाराबाहेर पडेल तेव्हा वहीतल्या नोंदीप्रमाणे त्याच्या हाती काहीतरी ठेवावे, इतकी साधी ही मागणी आहे. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला जी सेवापुस्तिका मिळते, ती देवाच्या घरात राबणाऱ्यालाही मिळायला हरकत नसावी.